ओकची मायफळं : कुंपणावरून वेचण्यापासून दौतीपर्यंत

माझ्या बाळंतपणासाठी आई साताऱ्याहून इथे इंग्लंडात आली, तेव्हा तिच्या बॅगेत गुटीची पुडी होती. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, सुंठ, बेहडा, मायफळ. नोव्हेंबरातल्या एका दुपारी बाळाला गाडीत घालून आम्ही सरे परगण्यातल्या एका शेतवाटेने चाललो होतो. पानं गळून गेलेल्या कुंपणात आईला एक तपकिरी, गोटीएवढं गोल फळ दिसलं. तिने फांदी वाकवली, ते तोडून हातात घोळवलं आणि म्हणाली, "अगं, हे तर मायफळ! सहाणेवर उगाळण्यात जन्म गेला, झाडावर लागलेलं आज बघतेय."

आई जवळजवळ बरोबर होती. आपल्याकडे दुकानात मिळतं ते मायफळ क्वेर्कस इन्फेक्टोरिया या ओकवर तयार होतं. हे झाड तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराण या पट्ट्यातलं. कुंपणावरचं मायफळ इंग्लंडच्या ओकवरचं, वेगळ्या माशीने घडवलेलं. पण दोन्हींत टॅनिन हे तुरट द्रव्य भरलेलं असतं, आणि टॅनिनला लोह भेटलं की काळी शाई होते. त्या वर्षापासून दर शरद ऋतूत मी मायफळं वेचते आणि वर्षभराची शाई घरी करते. शाईच्या कृती पुष्कळ सापडतात. माझ्या हातून जे बिघडलं ते मात्र जवळजवळ नेहमी वेचण्यातच बिघडलं, म्हणून या लेखात वेचण्यावरच जास्त लिहिते आहे.

फळ नव्हे, पाळणा

नावात फळ असलं तरी मायफळ हे फळ नाही, बीही नाही. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली एक काळसर-तांबूस, जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीची माशी ओकच्या कळीत अंडं घालते. अळी वाढू लागली की कळीची वाढ वाकड्या वाटेला लागते आणि पालवीऐवजी अळीभोवती एक गोल गाठ बनते. आतला गर अळीचं अन्न, बाहेरची भिंत तिचं घर. त्या भिंतीत झाड टॅनिन साठवतं. टॅनिन तुरट असतं, त्यामुळे सहसा कुणी ते खायला जात नाही.

याची रसायनविद्या आपल्या स्वयंपाकघराला जुनीच ओळखीची आहे. लोखंडी विळीवर केळफूल चिरलं की पातं आणि बोटं काळी पडतात, म्हणून आपण आधी तेलाचा हात लावतो. केस काळे करायला आवळा लोखंडी कढईत भिजवतात. दोन्ही ठिकाणी टॅनिन आणि लोह यांचीच गाठ पडलेली असते. इ. स. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय की मायफळाच्या काढ्यात भिजवलेला पपायरसचा तुकडा भेसळ ओळखायला वापरावा, जंगालात (तांब्याच्या हिरव्या गंजात) लोहाचा क्षार मिसळला असेल तर तुकडा काळा होतो.

मी वेचते ती मायफळं ॲन्ड्रिकस कोलारी या माशीची. ही माशी मुळात इंग्लंडची नाही. सीरियातल्या हलब शहरावरून येणारी मायफळं महाग पडत, म्हणून १८३०च्या सुमारास कापड रंगवणाऱ्यांसाठी आणि शाईसाठी ती डेव्हन परगण्यात मुद्दाम आणली गेली. तिथून ती देशभर पसरली. हलबच्या मायफळात निम्म्याहून अधिक वजन टॅनिनचं असू शकतं. इंग्लंडच्या मायफळात ते त्याच्या निम्म्यानेही नसतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे प्रमाण ठरवताना तो कामाला येईल.

कुठे शोधायची

पहिली दोन वर्षं मी मोठमोठ्या, शेदोनशे वर्षांच्या ओकखाली मान वर करून हिंडले आणि मूठभर मायफळं घेऊन परतले. ही माशी बहुधा लहान, खुरटलेल्या झाडांकडे जाते. शेताच्या कुंपणात छाटून छाटून ठेंगणे राहिलेले ओक, पडीक जमिनीवर आपोआप उगवलेली कमरेएवढी रोपं, रेल्वेच्या कडेची झुडपं अशा जागी बघा. (रेल्वेच्या हद्दीत मात्र शिरू नका, पायवाटेवरून हाताला येतं तेवढंच.) एका झुडपावर तीस-चाळीस मायफळं आणि शेजारच्यावर एकही नाही, असं नेहमी दिसतं.

दुसरी खूण अशी की या माशीला दोन जातींचे ओक लागतात. शरदात बाहेर पडलेल्या माद्या टर्की ओकच्या कळ्यांत अंडी घालतात. तिथे वसंतात इवल्याशा गाठींतून नर-मादीची पिढी निघते आणि त्या पिढीच्या माद्या इंग्लंडच्या ओककडे परततात. म्हणून जवळपास टर्की ओक असेल तर मायफळं मिळण्याची आशा जास्त. तो ओळखायला सोपा आहे. त्याच्या ओकफळाची वाटी केसाळ असते, आणि कळ्यांभोवती मिशांसारखे लांब तंतू असतात.

ओकवर गाठी करणाऱ्या माशा कितीतरी आहेत, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो. शाईला हवं ते मायफळ गुळगुळीत, टणक, एक ते अडीच सेंटिमीटरचं आणि थेट डहाळीवर बसलेलं असतं. मे महिन्यात दिसणारी गुलाबी-पिवळसर, स्पंजासारखी मऊ गाठ इंग्रजीत 'ओक ॲपल' म्हणून ओळखली जाते. शाईच्या लेखांतून याच नावाने पुष्कळ लोकांची दिशाभूल होते, कारण तिच्यात टॅनिन फार कमी. पानाच्या पाठीवरच्या चेरीसारख्या गाठी आणि टिकल्यांसारख्या चकत्या सोडून द्या. ओकफळालाच वेढून वाढलेली, कंगोऱ्यांची, वेडीवाकडी गाठ मात्र उचला. तिला नॉपर म्हणतात, ऑगस्ट-सप्टेंबरात ती झाडाखाली सडा पडल्यासारखी मिळते. मध्य युरोपात कातडी कमवायला अशा गाठी वापरत. शाईला मी ती थोडी मिसळते, कापडाला मनसोक्त वापरते.

कधी, आणि कोणती

मायफळं जूनमध्ये हिरवी आणि रसरशीत असतात, ऑगस्टपासून तपकिरी होऊ लागतात. सप्टेंबरात बहुतेक माशा भिंत पोखरून बाहेर पडतात आणि मागे दोन-तीन मिलिमीटरचं, सुईने आखल्यासारखं गोल भोक राहतं. मी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत वेचते. तोवर पानं विरळ झालेली असतात आणि मायफळं लांबूनही दिसतात.

जुन्या व्यापारात भोक नसलेल्या, निळसर-हिरव्या, जड मायफळांना जास्त भाव असे. आत माशी असतानाच तोडलेलं ते मायफळ खरोखरच अधिक तुरट असतं. तरी मी भोक पडलेलीच घेते, आणि तुम्हीही तीच घ्यावीत असं मला मनापासून वाटतं. घरच्या शाईसाठी कमी पडलेलं टॅनिन आणखी वीस मायफळं घालून भरून निघतं. त्यासाठी आतला जीव मारायची गरज नाही. बिनभोकाची मायफळं हिवाळ्यात पक्ष्यांच्याही कामी येतात. चोचीने फोडलेली मायफळं तुम्हाला फांद्यांवर दिसतीलच.

भोक पडलेली सगळीच सारखी नसतात. तपकिरी, सतेज, नखाने दाबून न दबणारी ती यंदाची. राखाडी पडलेली, तडकलेली, हिरवट शेवाळ धरलेली ती गेल्या किंवा त्याआधीच्या वर्षाची. ती फांदीला वर्षानुवर्षं चिकटून राहतात आणि पावसाने धुऊन धुऊन फिकी होतात. माझ्या पहिल्या शाईत निम्म्याहून अधिक अशीच जुनी होती. शाई चहासारखी पातळ निघाली आणि मी दोष हिराकसाला, म्हणजे शाईत घालायच्या लोहाच्या क्षाराला, देत बसले.

शंका आली तर जागेवरच चाचणी करा. चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून छोट्या बाटलीत सोबत ठेवा. एक मायफळ फोडून त्यावर थेंब टाका. क्षणात निळसर काळं झालं तर माल चांगला, नुसतं करडं झालं तर ते झुडूप सोडा.

वेचायला जाताना

इंग्लंडात सार्वजनिक पायवाटेवरून चालायचा हक्क सगळ्यांना आहे, पण कडेचं कुंपण शेतकऱ्याचंच असतं. मी विचारून घेते. आजवर कुणी नाही म्हटलं नाही, उलट एका शेतकऱ्याने छाटलेल्या फांद्यांचा ढीगच दाखवला. लंडनच्या रॉयल पार्कांमध्ये, म्हणजे ओकसाठी प्रसिद्ध असलेल्या रिचमंड पार्कातसुद्धा, काहीही तोडायला मनाई आहे. तिथे बघा, ओळखायला शिका आणि रिकाम्या हाती परत या.

लंडन आणि आग्नेय इंग्लंडात राहणाऱ्यांनी एक धोका नीट समजून घ्यावा. ओक प्रोसेशनरी मॉथ या पतंगाची सुरवंटं इथे २००६ पासून आहेत. ती दिंडीसारखी एकामागोमाग रांगेने चालतात, म्हणून हे नाव. त्यांचे बारीक केस अंगाला लागले की पुरळ उठतं, डोळे चुरचुरतात, श्वासाचा त्रासही होऊ शकतो. सुरवंटं मे ते जुलैमध्ये दिसतात, पण खोडाफांद्यांवरची त्यांची रेशमी घरटी नंतरही राहतात आणि त्यांतले केसही तितकेच त्रासदायक असतात. ओकवर मळकट पांढरं, जाळीदार घरटं दिसलं तर त्या झाडाला हात लावू नका, पोरांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा, आणि फॉरेस्ट्री कमिशनला कळवा.

गोचिडांसाठी पूर्ण पँट घाला, पायमोजे पँटवरून ओढून घ्या. कुंपणात काटे असतात, म्हणून जाड हातमोजे हवेत. पिशवी कापडाचीच घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत मायफळांना दमट वास धरतो. मायफळ ओढू नका, अंगठ्याने एका बाजूला दाबलं की देठापासून टचकन सुटतं. ओढलं तर डहाळीच मोडते. एका झुडपावरची तिसरा हिस्सा घ्या आणि पुढे चला. शंभर ग्रॅमला साधारण ऐंशी ते शंभर मायफळं लागतात, म्हणजे दोन दुपारच्या फेऱ्या.

घरी आणल्यावर

मोठं भोक पडलं म्हणजे घर रिकामं झालं असं नसतं. मायफळाच्या भिंतीत दुसऱ्या जातींच्या माशांच्या अळ्या बिऱ्हाड करून राहतात, आणि त्या सगळ्यांवर जगणाऱ्या परजीवी माशाही असतात. मायफळावर टाचणीच्या टोकाएवढी अनेक भोकं दिसली तर ती यांची. यांतल्या काही पुढच्या वसंतातच बाहेर येतात. म्हणून घाई नसेल तर मी मायफळं पुठ्ठ्याच्या खोक्यात पसरते, वर सैल विणीची जाळी बांधते आणि खोकं पावसापासून आडोशाला पण घराबाहेर, शेडच्या छपराखाली ठेवते. मेअखेर जाळी सोडते. निघालेल्या माशा उडून जातात आणि माझ्याकडे हाडासारखी वाळलेली, हलकी, खणखणीत मायफळं उरतात. कोरड्या बरणीत ती दोन-तीन वर्षं सहज टिकतात.

आणि ही मायफळं गुटीत उगाळू नका. ती रस्त्याकडेची आहेत, वेगळ्या माशीची आहेत, बाळासाठी नाहीत. आईलाही मी हेच सांगितलं.

शाई

साहित्य : मायफळं १०० ग्रॅम, पाणी ६०० मिलिलिटर, हिराकस २५ ग्रॅम, बाभळीचा किंवा अरबी डिंक २० ग्रॅम, दोन लवंगा. पाणी पावसाचं घ्या. लंडनच्या नळाला येणाऱ्या पाण्यात चुना फार असतो आणि त्याने रंग मळकट होतो. भांडं काचेचं किंवा स्टेनलेस स्टीलचं, आणि एकदा वापरलं की कायमचं शाईचं. स्वयंपाकाकडे परत न्यायचं नाही.

मायफळं जाड फडक्यात गुंडाळून खलबत्त्यात फोडा, नाहीतर तुकडे खोलीभर उडतात. मिरीदाण्याएवढे तुकडे पुरे, पीठ केलं तर गाळताना हाल होतात. तोंडावर मास्क बांधा, ती धूळ घशाला लागते.

इथून दोन वाटा आहेत. घाई असेल तर तुकडे रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर तासभर शिजवा, उकळी फुटू देऊ नका. माझी पसंती दुसऱ्या वाटेला, भिजवून आंबवण्याला. भांड्यावर फडकं बांधून उबदार जागी दहा-पंधरा दिवस ठेवा. वर बुरशी येते, ती येऊ द्यायची. बुरशी टॅनिन फोडून त्याचं गॅलिक आम्ल करते आणि त्या शाईचा काळा रंग अधिक खोल, निळ्याकडे झुकणारा येतो. हे काम घराबाहेर करा आणि बुरशीवर नाक नेऊ नका. दमा असणाऱ्यांनी शिजवण्याचीच वाट धरावी.

मग मलमलीतून दोनदा गाळा. साधारण ४०० मिलिलिटर तपकिरी काढा मिळेल. कमी निघाला तर पावसाचं पाणी घालून पुरा करा, जास्त निघाला तर आटवा. डिंक आदल्या रात्रीच थोड्या पाण्यात भिजत घातलेला असावा. हिराकस दोन-तीन चमचे कोमट पाण्यात विरघळवून काढ्यात सोडा आणि ढवळा. तपकिरी काढा बघता बघता जांभळट होतो, मग काळा. इतक्या वर्षांनंतरही हा क्षण बघायला मी लेकीला हाक मारते. शेवटी डिंक आणि लवंगा घाला. डिंकामुळे शाई टाकावर धरून राहते आणि कागदात पसरत नाही. लवंगेने बुरशी लांब राहते.

ताजी शाई कागदावर फिकट करडी उमटते, तेव्हा निराश होऊ नका. हवेतला प्राणवायू लागला की लोहाचं रूप बदलतं आणि अक्षर डोळ्यांदेखत गडद होतं. पुरता रंग यायला एक-दोन दिवस लागतात. काजळीची शाई कागदावर बसते, ही तंतूंमध्ये मुरते. म्हणून ती पाण्याने पुसली जात नाही आणि म्हणूनच ब्रिटनमध्ये जन्म-विवाहाच्या नोंदवह्यांसाठी पिढ्यानपिढ्या लोहाचीच शाई ठरलेली होती. चौथ्या शतकातलं कोडेक्स सिनाइटिकस हे बायबलचं हस्तलिखित अशाच शाईत आहे आणि आजही वाचता येतं.

पण हिराकस वाढवायचा मोह आवरा. जुन्या कृतींत मायफळं तीन भाग आणि हिराकस दोन भाग असं प्रमाण सर्रास दिसतं. त्याने शाई लगेच काळी दिसते, पण जोडीदार न मिळालेलं लोह मागे उरतं, अक्षर कालांतराने तपकिरी होतं आणि कागद पोखरला जातो. संगीतकार बाखच्या हस्तलिखितांतले कागद याच कारणाने सुरांच्या खुणांवर झिजून फाटले, आणि बर्लिनच्या राज्य ग्रंथालयाला त्यांची अतिशय कष्टाने दुरुस्ती करावी लागली. मी चार भाग मायफळांना एक भाग हिराकस धरते. कागदाच्या पट्टीवर लिहून आठवडाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. रेघ तपकिरी झाली तर पुढच्या खेपेला हिराकस आणखी कमी करा.

ही शाई फाउंटन पेनात भरू नका, गाळ बसून पेन कायमचं बंद होतं. टाक, हंसाचं पीस किंवा बोरू वापरा. बोरूने देवनागरी लिहिताना ती फार सुंदर चालते, जाड रेघेच्या पोटात रंग साचतो आणि शेवटाकडे विरळ होत जातो. धातूचं निब लिहून झालं की लगेच धुवा, शाई आम्लधर्मी आहे. उरलेला हिराकस कुलपात ठेवा. लहान मुलाने थोडा जरी गिळला तरी लोहाची विषबाधा होऊ शकते.

कापड

कापडाचं थोडक्यात सांगते. १०० ग्रॅम सुती कापड धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून खळ आणि तेलकटपणा काढा. २० ते ३० ग्रॅम मायफळांच्या काढ्यात कापड कोमट ठेवून रात्रभर बुडवा. हा काढा म्हणजे पुढच्या रंगांसाठीही पाया आहे. सुतावर तुरटी सहज बसत नाही, आधी टॅनिन असेल तर बसते. करडा रंग हवा असेल तर २ ग्रॅम हिराकस भरपूर पाण्यात विरघळवा, ओलं कापड त्यात सतत हलवत पाच-दहा मिनिटं ठेवा, मग खूप धुवा. जास्त गडद हवं असेल तर हिराकस न वाढवता काढा आणि हिराकस यांची फेरी पुन्हा करा. लोहाने धागा कमकुवत होतो, लोकर तर लवकर खरखरीत होते. कापड एकाच ठिकाणी स्थिर राहिलं तर डाग पडतात आणि ते कधीच निघत नाहीत.

महाराष्ट्रात करायचं असेल तर

सह्याद्रीत ओक नाही, त्यामुळे मायफळं वेचायला जागा नाही. काष्ठौषधींच्या दुकानात मात्र ती मिळतात. निवडून घ्या, निळसर राखाडी, खडबडीत, हाताला जड लागणारी. ती इंग्लंडच्या मायफळांहून कितीतरी तुरट असतात, म्हणून वरच्या प्रमाणात १०० ऐवजी ४० ग्रॅम पुरतात.

वेचण्याचा आनंद हवा असेल तर हिरडा आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं वर्षानुवर्षं तो गोळा करतात. तिथे जाऊन स्वतः तोडण्यापेक्षा त्यांच्याकडूनच विकत घ्या, ते झाड त्यांच्या घरखर्चाचा भाग आहे. गावात कुणाच्या बांधावर हिरडा असेल तर विचारून खाली पडलेली फळं उचला, बी काढून टाका आणि साल वाळवा. वाळलेली साल ८० ग्रॅम घेतली तर बाकी प्रमाण वरचंच. हिरड्याचा काढा पिवळा असतो, त्यामुळे काळ्यात किंचित हिरवट झाक राहते. ती मायफळाच्या शाईत नसते, आणि बोरूच्या जाड रेघेत ती मला आवडते.